गवताशी पंगा घेताना

पाऊस ओसरला की आमच्या ग्रुपमधल्या तमाम ‘वीकएंड शेतकऱ्यां’चे फोन सुरू होतात. मुळशी, कामशेत, कर्जत... ईएमआयवर घेतलेला पाच-दहा गुंठ्यांचा प्लॉट, त्यावर छातीपर्यंत माजलेलं रान आणि फोन न उचलणारे माळीकाका. मग मला प्रश्न येतो, ‘यार, कुठला ग्रास कटर घेऊ? ऑनलाइन ५२ सीसीचा सात-आठ हजारांत मिळतोय!’

थांबा. कार्टमध्ये टाकायच्या आधी प्लॉटवर एक चक्कर मारा आणि बघा, तिथे उगवलंय काय?

हराळी आणि पावसाळी गवत असेल, तर नायलॉनची दोरी मस्त काम करते. ही दोरीची आयडिया ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. डान्स स्टुडिओ चालवणारा माणूस! कार वॉशचे गरगरणारे ब्रश बघून १९७१ मध्ये त्यांनी रिकाम्या डब्याला मासेमारीची दोरी बांधली आणि झाडांभोवतीचं गवत उडवून दाखवलं. दगडाला लागली तरी दोरी तुटते, मशीन वाचतं. पण तुमच्या प्लॉटवर घाणेरी असेल, तर दोरी तिच्यापुढे पाणी भरते. लाकडासारखं खोड आहे ते. तिथे स्टीलचं पातंच हवं. जाड रानाला तीन दात्यांचं, लाकडी खोडाला बारीक दातेरी गोल. म्हणजे दोरी आणि पातं दोन्ही लागेल असंच मशीन घ्यायचं. वाकड्या नळीचे हलके, क्यूट ट्रिमर सोसायटीच्या लॉनला ठीक. छोटे बॅटरीवालेही तिथेच शोभतात.

आता टिकाऊपणाचं बोलू. सगळे सीसी विचारतात, पण सीसीच्या स्टिकरवर जाऊ नका, पॉवर किती किलोवॅट ते विचारा. होंडाचं जीएक्स ३५ हे फोर-स्ट्रोक इंजिन ३५.८ सीसीचंच आहे, पॉवर साधारण १ किलोवॅट, आणि घरच्या रानाला तेवढं पुरतं. शिवाय फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही. टू-स्ट्रोक हलकं आणि तडफदार, पण ऑइलचं माप चुकलं की पिस्टन जाम. वर्षातून चारदा मशीन काढणाऱ्या ऑफिसवाल्यांनी, माझं ऐकाल तर, फोर-स्ट्रोकच घ्यावं.

स्वस्त मशीनचं इंजिन बऱ्याचदा ठीक असतं. जीव जातो तो खालच्या टोकाला, गियर केसमध्ये. पात्याला खोडाचे दणके बसतात ते तिथेच. म्हणून दुकानात पातं धरून हलवून बघा, खुळखुळलं तर नमस्कार करून बाहेर पडा. नळी सरळ आणि जाड हवी, आतला शाफ्ट अखंड स्टीलचा. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : गियर केस, क्लच, कार्बोरेटर आत्ता काउंटरवर आहे का? ‘मागवून देतो’ म्हणजे सीझन गेला. याच एका कारणासाठी मी तिप्पट पैसे मोजायला सांगते.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने लिहितेय, कारण यंदा खरेदी माझ्याच घरात होती. बाबा रिटायर होऊन संगमेश्वरजवळच्या घरी राहायला गेलेत. वय ६४. मजूर मिळत नाहीत म्हणून हातात कोयता घेऊन वाकून रान काढतात. गवतात फुरसं बसलेलं असेल तर दिसतही नाही. फोनवर ‘काही होत नाही गं’ ऐकून मला झोप येईना. त्यांच्यासाठी सहा-सात किलोचं फोर-स्ट्रोक, दोन्ही खांद्यांवर वजन घेणारा पट्टा आणि चिपळूणला पार्ट्स मिळतील असा ब्रँड, एवढंच बघितलं. उतारावर पाठीवर अडकवायचं मशीन सोयीचं असतं खरं, पण त्याची लवचीक केबल वेळेवर ग्रीस केली नाही तर लवकर झिजते. बाबांना ते जमणार नाही, हे मला माहितेय.

एक ॲक्सेसरी मात्र फुकट दिली तरी घेऊ नका : साखळीचं हेड. ‘दगडातही चालतं’ म्हणून विकतात. त्याची कडी तुटली तर गोळीसारखी सुटते. युरोपियन युनियनने २०१२ मध्ये जोडकड्यांच्या अशा हेडवर बंदी घातली ती उगाच नाही. साधं पातं असलं तरी गॉगल, गमबूट हवेतच आणि १५ मीटरच्या आत कोणी नको, कुत्राही नको.

आणि हो, गाजरगवताचं काय? ते फुलायच्या आत, माती ओली असताना, हातमोजे घालून उपटा. दोरीने उडवलंत तर त्याचा चोथा अंगावर येतो, आणि ॲलर्जी असणाऱ्यांचे हाल कुत्रा खात नाही. घाणेरीही कापल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते. बुंधा खणून काढावाच लागतो, त्यावर अजून तरी बटण निघालेलं नाही.

मशीन घरी आलं की एकच सवय लावून घ्या. काम झाल्यावर टाकी रिकामी करायची आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. दिवाळीनंतर ठेवलेलं मशीन जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी सुरू होत नाही, ते बहुतेक वेळा याच्यामुळेच.