मूल एकाचें, राखण साऱ्या गांवाची

जोंधळा हुरड्यावर आला म्हणजे आपण माळा घालतों, गोफण हातीं घेतों आणि थंडीवाऱ्यांत रात्र रात्र जागतों. शेजाऱ्याच्या पिकांत मोकाट बैल शिरलेला दिसला तर "तें शेत माझें नाहीं" असें म्हणून कोणी कुणबी पुढें चालूं लागत नाहीं. तो आधीं बैल हांकतो आणि मग शेजाऱ्याला हांक मारतो. ही आपली जुनी रीत आहे व ती चांगली आहे. पण त्याच शेजाऱ्याची चवदा वर्षांची पोर शाळेंतून काढली, तिला हळद लागली, कीं आपण सारे एकदम शहाणे होतों! "दुसऱ्याच्या घरांत तोंड कशाला घालावें?" असें म्हणतों आणि धुवट कपडे घालून पंगतीला जाऊन बसतों. दाण्यासाठीं जागणाऱ्या लोकांना लेकरासाठीं जागणें परकें कां वाटावें, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

कायदा नाहीं म्हणून हें चालतें, असें कोणी म्हणूं नये. १९२९ सालीं शारदा कायदा झाला. त्यानें मुलीचें वय १४ व मुलाचें १८ ठरविलें. १९७८ सालीं तें वय १८ व २१ झालें. २००६ सालच्या कायद्यानें तर लग्न लावणारा, लावून देणारा व त्याला उत्तेजन देणारा, अशा सर्वांना दोन वर्षेंपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. मंगलाष्टकें म्हणणारा भटजी आहे, जंगम आहे, कीं आपल्याच जातीचा कोणी आहे, हें कायदा विचारीत नाहीं. इतकें असूनहि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.९ जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्याच्या आंत झालेलें आढळलें. म्हणजे पांच जणींत एकीपेक्षां जास्त! कायदा पुस्तकांत असतो आणि लग्न मांडवांत लागतें. त्या दोहोंच्या मध्यें मांडववाला, आचारी, वाजंत्री, पत्रिका छापणारा आणि अक्षता टाकणारा उभा असतो. हे कोण परके आहेत? हे तुम्हीआम्हीच आहों.

आतां, मुलीच्या बापाला शिव्या देणें फार सोपें आहे. पण बीडकडचा ऊसतोड्या काय म्हणतो तेंहि ऐकलें पाहिजे. दसरा-दिवाळी झाली कीं त्याचें बिऱ्हाड कारखान्याकडे निघतें, तें उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततें. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि नवराबायको मिळून एक कोयता. वयांत आलेली पोर मागें ठेवावी तर घरांत थकलेली आजी. फडावर न्यावी तर कोपीला दार नाहीं. मग बाप म्हणतो, "उजवून टाकूं, काळजी मिटेल." तिकडे पोराचा बाप म्हणतो, "लग्न केलें तर एक कोयता वाढेल." अशा रीतीनें दोन गरिबांच्या अडचणींत एका पोरीचें आयुष्य चिरडलें जातें. काळजी तर मिटत नाहींच; ती बापाच्या डोक्यावरून उतरून पोरीच्या अंगावर पडते. कोंवळ्या वयांत बाळंतपण, अशक्त मूल आणि शाळा सुटली ती कायमची.

ह्यासाठीं आमचें म्हणणें असें कीं, नुसतें लग्न मोडून गांवाचें काम संपत नाहीं. ज्या दिवशीं आपण लग्न थांबविलें, त्या दिवसापासून त्या मुलीची राखण आपल्या गळ्यांत पडली. ती घ्यावयाची नसेल, तर बापाची भीति खरीच आहे असें होतें.

ही कांहीं नवी विद्या नव्हे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें जन्मलेलीं मुलें त्यांच्या रक्ताचीं नव्हतीं कीं जातीचीं नव्हतीं. त्यांपैकींच एक मूल त्यांनीं पोटीं घेतलें, आणि तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें व मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल बापाचें असलें तरी त्याचें नशीब एकट्या बापाच्या मर्जीवर सोडावयाचें नाहीं, हा त्यांतला अर्थ.

"हीं मोठ्यांचीं कामें, आपण गरीब काय करणार?" असें कोणी म्हणेल. त्यानें सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव पाहावें. २०२२ सालीं त्या गांवानें ठरविलें कीं, संध्याकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजला कीं घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद; दीड तास मुलांनीं अभ्यास करावयाचा; साडेआठला पुन्हां भोंगा. ह्यांत पैका कितीसा लागला? मोठ्या माणसांनीं आपली करमणूक दीड तास गहाण ठेवली, एवढेंच. गांवानें मनावर घेतलें तर काय होतें, त्याचा हा दाखला.

तर आपण काय करावें? पहिली गोष्ट, वर्गांतलें कोणतें मूल आठ दिवस दिसलें नाहीं, हें विचारावें. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत चारांपैकीं तीन हिस्से पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. ती समिती सह्यांपुरती ठेवूं नये. तोडणीला माणसें निघण्याच्या आधीं हंगामी वसतिगृह सुरू झालें कीं नाहीं, हें तिनें पाहावें. जेथें तें नाहीं तेथें आळींतल्या चार घरांनीं मिळून मागें राहिलेल्या पोरींची रात्रीची सोबत व भाकरी वांटून घ्यावी. दुसरी गोष्ट, लग्नाचा सुगावा लागतांच ग्रामसेवकास कळवावें. खेड्यांत बालविवाह रोखण्याचा अधिकार त्याजकडे आहे. अंगणवाडीच्या बाईलाहि सांगावें. तेथें दाद न लागली तर १०९८ हा फोन रात्रंदिवस व फुकट आहे. मॅजिस्ट्रेटाचा मनाई हुकूम झाल्यावर लावलेलें लग्न मुळांतच रद्द ठरतें, म्हणून खबर हळदीच्या आधीं द्यावी, अक्षता पडल्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट बोलावयास कठीण आहे, पण बोललीच पाहिजे. लेंकराच्या अंगाला वाईट हात लावणारा पुष्कळदां परका नसतो. तो ओळखीचा, नात्याचा, कधीं मानाचा माणूस असतो. तेव्हां घरचीं वडील माणसें म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." आम्ही म्हणतों, त्या मुठींत लेंकराचा गळा आहे! २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें असा गुन्हा माहीत असून न कळविणें हाच एक गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूनें खबर देणाऱ्यावर त्याबद्दल दावा चालत नाहीं. मूल कांहीं सांगूं लागलें तर त्याच्या तोंडावर हात ठेवूं नका. आधीं ऐका, मग पोलिसांत जा.

बंधूंनो व मायबहिणींनो, ह्या कामास पुढारी लागत नाहीं कीं देणगी लागत नाहीं. सुताराच्या दारावरून पोरें शाळेला जातात, कुंभाराच्या आव्यापाशीं खेळतात, पाणवठ्यावर बायांना साऱ्या घरांची खबर असते. डोळे सगळीकडे आहेत. फक्त तोंडें बंद आहेत. येत्या ग्रामसभेंत गटाराच्या व रस्त्याच्या बोलण्याआधीं एक प्रश्न विचारा: आपल्या गांवांतलीं किती मुलें आज शाळेंत नाहींत, आणि तीं कोठें आहेत? ज्या गांवाला याचें उत्तर ठाऊक नाहीं, त्या गांवाचें शेत राखणीवांचून पडलें आहे, आणि बैल केव्हांच आंत शिरला आहे.