थंड आणि कडक

बिअरची परीक्षा करताना आमचे परप्रांतवासी मराठी बंधू दोनच प्रश्न विचारतात : थंड आहे काय, आणि कडक आहे काय? ज्यांची जिज्ञासा यापलीकडे जात नाही, त्यांनी छोट्या कारखान्यांत निगुतीने केलेल्या बाटलीबंद बिअरविषयी मत देऊ नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

गेल्या उन्हाळ्यात दिल्लीस एका स्नेह्यांकडे घडलेली गोष्ट. गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरचे; खाण्यापिण्याचे दर्दी म्हणून मंडळींत लौकिक. कोणी भेट दिलेली गव्हाची बिअर त्यांनी बर्फाच्या कप्प्यातून काढली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "अहो, ही नासलेली दिसते. तळाशी गाळ आहे!" बाटली मोरीत रिकामी झाली. तो गाळ म्हणजे यीस्ट. न गाळता भरलेल्या बिअरमध्ये ते तळाशी बसावयाचेच. जर्मन लोक तर गव्हाची बिअर ओतताना बाटली हलकेच फिरवून ते मुद्दाम पेल्यात घेतात. अशा बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा जो गंध येतो, तो याच यीस्टची करणी. वरून काही घातलेले नसते.

याच गृहस्थांची जीभ आमटीतला गोडा मसाला किंचित करपला तरी पहिल्या घासाला ओळखते. हापूस घेताना ते देठाशी नाक नेतात. मग बिअरच्याच वाट्याला ही वागणूक का? अतिथंड पेयातून गंध वर येत नाही आणि जीभही बधिर होते. म्हणजे बरेवाईट कळण्याचा मार्गच बंद. ज्या मालात लपविण्याजोगे काही आहे, त्याला ही सोय हवीच असते! बाटली बाहेर काढून 10 मिनिटे थांबावे, पेल्यात फेसाला दोन बोटे जागा ठेवावी, आणि आधी वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअर शिळी, किंवा गुदामात तापलेली. उग्र, कुबट वास आला, तर तिला उजेड लागलेला : हॉपमधील कडू द्रव्य उजेडाने विघटित होऊन त्यातून गंधकयुक्त द्रव्य बनते. हिरव्या वा पांढऱ्या काचेतून हा उजेड सहज शिरतो, तपकिरी काच त्याला बरीच अडविते. दोष कारखानदाराचा की दुकानदाराचा, हे न पाहता निवाडा देणे म्हणजे प्रतिवादीस न ऐकता हुकूमनामा काढणे होय.

दुसऱ्या टोकाचे रसिकही आहेत. त्यांना लेबलावरील आख्यायिकाच अधिक रुचते. 'इंडिया पेल एल' ही लंडनच्या बो येथील हॉजसनने हिंदुस्थानातील साहेबांसाठी शोधून काढली, ही कथा ते भक्तिभावाने सांगतात. हॉजसनची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीस इकडे येत होती, हे खरे. परंतु शोध त्याचा याला पुरावा नाही, आणि काळी पोर्टरही समुद्रमार्गे इकडे येतच होती. शिवाय ती बिअर आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने मुरत येई. आजची बहुधा हॉपच्या ताज्या सुगंधासाठी केली जाते, आणि तो काही महिन्यांत विरतो. कथेवर भाळून बाटली वर्षभर कपाटात जपणाऱ्यांनी तिच्यावरची तारीखही वाचावी.

आता 'कडक'विषयी. 2018 च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार 5 टक्क्यांपर्यंत मद्यार्काची बिअर सौम्य, त्यावर 8 टक्क्यांपर्यंतची कडक. आणि देशात खपते ती बहुतांशी कडकच. लोकांची रुचीच तशी, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. परंतु कित्येक राज्यांत कर मद्यार्कावर न बसता लिटरवर बसतो. सौम्य बाटलीवर कडक बाटलीएवढाच भार पडला, तर तेवढ्याच पैशांत अधिक नशा देणारी बाटली गिऱ्हाईक उचलणारच. साडेचार टक्क्यांची सुरेख बिअर करणारा छोटा कारखानदार या हिशेबात मारला जातो; आणि तो बुडाला, म्हणजे आपल्याकडे चांगली बिअर होतच नाही, असे म्हणावयास आपण मोकळे!

आमच्या वाचकांपैकी काही जण आबकारीत आहेत, काही वित्त खात्यात. मद्यपान कमी व्हावे असे त्यांस मनापासून वाटत असेल, तर त्यांनीच प्रथम ही रीत मोडावयास हवी. पुढल्या टिपणीत 'कर मद्यार्काच्या प्रमाणात' एवढी एक ओळ त्यांनी घालावी. दिल्लीच्या स्नेह्यांना आम्ही दुसरी बाटली पाठविली आहे. सोबत चिठ्ठी आहे : गाळासकट घ्यावी.