वाकड्या आकाशकंदिलाची बाजू

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी आकाशकंदील करण्याचा बेत आजही अनेक कुटुंबांत आखला जातो. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगाचा रंगीत कागद आणि कणकेची खळ एवढ्या साहित्यावर हा उद्योग उत्साहाने सुरू होतो आणि पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी फसतो. सांगाडा एका अंगाला कलतो, कागदाला सुरकुत्या पडतात, खळ जास्त झाली तेथे तो फाटतो आणि शेपट्या एकमेकींना चिकटून बसतात. त्यानंतर जे घडते ते मात्र कंदील बिघडण्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे. घरातील वडीलधारी मंडळी तो सांगाडा माळ्यावर टाकतात आणि संध्याकाळी बाजारातून तयार कंदील घेऊन येतात. मुलांचा हिरमोड होऊ नये, हा त्यामागील हेतू चांगलाच असतो. तथापि, या घाईत मुलांच्या हातून कंदिलापेक्षा मोलाची एक गोष्ट निसटते.

कंदील का बिघडतो, हे पाहिल्यास ती गोष्ट कोणती याचा उलगडा होतो. पारंपरिक कंदिलाची रचना वरवर सोपी दिसते. चार कामट्यांचा एक, असे ६ चौकोन बांधायचे आणि त्यांचे कोपरे एकमेकांना जोडायचे. चौकोनांच्या मधल्या जागेत ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. एकूण कामट्या २४ आणि सांधे १२. या २४ कामट्यांपैकी एक जरी अर्धा इंच लांब राहिली, तरी तो फरक शेजारच्या सांध्यावर जातो, तेथून पुढच्या सांध्यावर आणि अखेरीस भलत्याच कोपऱ्यात कंदील वाकडा दिसू लागतो. सर्व कामट्या समान असल्या तरी आणखी एक अडचण उरतेच. त्रिकोण दाबला तरी आपला आकार सोडत नाही. चौकोन मात्र थोड्याशा दाबानेही तिरपा होतो. म्हणूनच विजेच्या तारांचे मनोरे, लोखंडी पूल आणि कौलारू घरांच्या कैच्या यांत जागोजागी त्रिकोण दिसतात. कंदिलाच्या प्रत्येक चौकोनात एकेक तिरपी कामटी बांधली की डळमळणारा सांगाडा ताठ उभा राहतो. भूमितीच्या पुस्तकात वाचलेले हे तत्त्व परीक्षेनंतर विसरले जाते. कललेला सांगाडा हातात धरून ज्याने ते शोधले, तो सहसा विसरत नाही.

बँकेच्या कामकाजाशी परिचित असलेल्यांना यात एक ओळखीची खूण दिसेल. संगणक येण्यापूर्वी दिवसअखेर रोजकीर्दीचा मेळ बसला नाही, तर फरक सापडेपर्यंत कर्मचारी शाखेतून हलत नसत. एका रुपयाचा फरकही स्वतःच्या खिशातून भरून मिटवण्याची मुभा नसे. कारण प्रश्न रुपयाचा नसून चूक नेमकी कोठे झाली, याचा असे. तो फरक जेथे दिसे तेथे बहुधा मूळ चूक नसे. एकेक नोंद तपासत मागे जावे लागे. वाकड्या कंदिलाचेही तसेच आहे. दोष दिसतो एका कोपऱ्यात आणि असतो दुसऱ्याच कामटीत. तो शोधण्याची चिकाटी लहानपणी अंगी बाणली, तर पुढे कोणत्याही व्यवसायात ती उपयोगी पडते. अशा वेळी बाजारातून आणलेला कंदील हा खिशातून भरलेल्या त्या रुपयासारखा असतो. मेळ बसल्यासारखा दिसतो, चूक मात्र तशीच राहते.

शालेय हस्तकलेच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर रूप घेते. सुट्टीत करावयाच्या वस्तू अनेक घरांत पालकच करतात किंवा विकत आणतात आणि मूल त्या आपल्या नावाने शाळेत देते. वस्तू सुबक असते, गुणही चांगले मिळतात. पण आपल्या हातून न झालेले काम आपले म्हणून दाखवता येते, हा धडा त्याच वेळी मनावर कोरला जातो. मुलाने स्वतः केलेली ओबडधोबड वस्तू या तुलनेत कितीतरी प्रामाणिक ठरते. शिक्षकांनीही सुबकतेला गुण देताना तिच्यामागचा हात कोणाचा, याचा विचार करावयास हवा.

हाताने काम करता करता शिकणे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि ती पुढे ‘नयी तालीम’ या नावाने ओळखली गेली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे सुचवले आहे. धोरणे कागदावर राहतात, अशी तक्रार नेहमीच केली जाते. घरातील चटईवर पसरलेल्या कामट्या आणि कागद हे त्या धोरणाचेच एक छोटे रूप आहे आणि त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. सर्वांनीच घरी कंदील केले, तर दिवाळीच्या कमाईवर विसंबणाऱ्या कारागिरांनी काय करावे? वस्तुस्थिती अशी की, ज्याच्या हातून एक कंदील बिघडला आहे, तोच कारागिराच्या कामाची खरी किंमत जाणतो. कामटी एकसारखी तासण्यास किती सराव लागतो, ओला बांबू वाळल्यावर कसा आकसतो, खळ लावलेला कागद ओला असताना सैल पडतो आणि वाळताना कसा ताणला जातो, हे ज्याने अनुभवले तो बांबूकाम करणाऱ्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करताना थबकेल. सजावटीसाठीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे कागद, कापड आणि बांबू यांच्या कारागिरांना पुन्हा वाव मिळाला आहे. घरी एक कंदील करावा आणि दुसरा त्यांच्याकडून घ्यावा, यात विरोध काहीच नाही.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. आई-वडील दोघेही नोकरी करणारे असल्यास सणाच्या दिवसांत सवड काढणे सोपे नसते. तरीही या कामात मोठ्यांचा वाटा थोडाच असावा. बांबू चिरणे आणि तासणे हे धारदार काम त्यांनी करावे. कागदाच्या कंदिलात पणती कदापि ठेवू नये, तापणाऱ्या जुन्या दिव्याऐवजी कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा आणि वायरची जोडणी स्वतः तपासावी. उरलेले काम, चुकांसह, मुलांचे असू द्यावे. बदलीच्या निमित्ताने परप्रांतात राहणाऱ्या, जेथे आकाशकंदील सहज विकत मिळत नाही अशा मराठी कुटुंबांना तर शेजाऱ्यांच्या मुलांनाही या कामात ओढता येईल. वसई, गोव्यापासून केरळपर्यंत नाताळात घरांवर लागणारा ताराही अशाच कामट्यांचा आणि कागदाचा करता येतो, हे त्या निमित्ताने मुलांच्या ध्यानी येईल.

राहता राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. इमारतीतील सर्व कंदील एकसारखे आणि आपलाच तेवढा कललेला, याचा संकोच मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक वाटतो. तो त्यांनी बाजूला ठेवावा. फाटलेल्या जागी कागदाचे ठिगळ लावावे, कललेल्या चौकोनात एक तिरपी कामटी बांधावी आणि तो कंदील मानाने दारी लावावा. सण संपल्यावर कागद काढून सांगाडा जपून ठेवावा. पुढच्या दिवाळीत मुले तो हातात घेतील, तेव्हा कोणती कामटी लांब राहिली होती, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.