क्ष-किरणांमागचा क्ष

आपल्या मध्यमवर्गीय घरांत नोकरीविषयी पगाराच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो : "कायमची आहे ना?" माझ्या एका भाचीची या प्रश्नापुढे मोठी पंचाईत होते. ती अमेरिकेत फिरती क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. तिची नोकरी १३ आठवड्यांची. ते संपले की दुसरे गाव, दुसरे इस्पितळ, आणि पुन्हा १३ आठवडे!

तिकडे कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेले, कोणाची जागा भरेना, की इस्पितळे एजन्सीमार्फत अशी माणसे बोलावतात. पगार कायमच्या माणसांहून पुष्कळदा अधिक, वर राहण्याजेवण्याचा भत्ता. मात्र त्या भत्त्यावरचा कर माफ व्हायचा तर मूळ गावी घर राखून त्याचाही खर्च सोसावा लागतो. विंचवाचे बिऱ्हाड निदान एकच असते! शिवाय अनेक राज्यांचे परवाने निराळे. रुग्ण रोडावले तर करार मध्येच तुटतो, आणि दोन करारांमधले दिवस बिनपगारी.

"मामा, यंत्र, संगणक, डॉक्टरांच्या लहरी, सगळे एकदोन दिवसांत शिकून घ्यायचे," ती सांगत होती. "डबा खायची खोली कुठे, ते मात्र आठवड्याने कळते!"

मला गंमत वाटते ती 'क्ष' या अक्षराची. १८९५ साली राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला हे किरण सापडले, तेव्हा त्यांचे स्वरूप कळेना. म्हणून त्याने बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्यांना दिले. पहिल्या महायुद्धात मादाम क्यूरींनी मोटारींत यंत्रे बसवून ती रणभूमीजवळ नेली. तेव्हा यंत्र फिरत होते. आता यंत्र जागेवर असते आणि माणूस फिरतो. किरणांचे स्वरूप केव्हाच उलगडले. अज्ञात राहिला तो "श्वास रोखा" म्हणून आडोशाला जाणारा माणूस.

तरी त्याची एक खूण मागे उरते. चित्र घेताना शिशाचे एक चिमुकले अक्षर ठेवतात, उजव्यासाठी निराळे आणि डाव्यासाठी निराळे. त्यावर बहुधा तंत्रज्ञाची आद्याक्षरेही असतात. हाडांच्या चित्राच्या कोपऱ्यात ती उमटतात. ही खूण चुकली तर शस्त्रक्रिया धडधाकट पायावर व्हायची! करार १३ आठवड्यांचा असला, तरी त्या अक्षराची जबाबदारी १३ आठवड्यांनी संपत नाही.

भाचीने हे फिरतेपण हौसेने पत्करले आहे. नको झाले तर कायमची जागा धरण्याची तिला मुभा आहे. आमच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणांना ती कुठे आहे? तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. पण त्यांनी शिकवलेल्या मुलांची परीक्षा काही तात्पुरती नसते.

नोकरी तात्पुरती असण्यात कमीपणा नाही. पण काम पुरते घ्यायचे आणि माणूस अर्धाच मोजायचा, हा हिशेब मला पटत नाही. तेव्हा वाचकहो, कोणी नोकरीचे सांगू लागले, तर "कायमची आहे ना?" याच्या आधी "तुम्ही खुशीने पत्करलीत ना?" एवढे विचारून पाहा.