साखळीतील दोन कड्या



आपल्या खेड्यापाड्यांतून मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी दुधाच्या किटल्या डेअरीवर पोचविणारी तीच, मुलांना शाळेत सोडणारी तीच आणि अपरात्री आजाऱ्याला डॉक्टरकडे नेणारीही तीच. तिचे एंजिन कितीही दमदार असो, त्याचे बळ मागच्या चाकाला मिळते ते एका साखळीवाटे. ही साखळी, म्हणजे आपली नेहमीची चेन, बहुतेक गाड्यांत कव्हराखाली दडलेली असते. म्हणून ती खडखडू लागेपर्यंत कुणी तिची विचारपूस करीत नाही.

पावसाळा सरला आणि खानापूरकडचा तांबडा चिखल वाळला, की एक प्रश्न आमच्या कानी हटकून येतो : "फादर, चेन सैल पडली आहे. दोन कड्या काढून टाकल्या की भागेल ना?" भागणार नाही, हे आमचे उत्तर. पण नुसत्या नकाराने कुणाचे समाधान होत नसते. म्हणून त्याचे कारण आज सविस्तर सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

आज वापरात असलेली ही साखळी हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस गृहस्थाने १८८० साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे शोधून काढली. तिच्या प्रत्येक सांध्यात एक खिळा असतो, खिळ्याभोवती एक नळी आणि नळीवर फिरणारे एक लहानसे रूळ. "चेन ताणली" असे आपण म्हणतो खरे. पण पोलाद काही रबरासारखे ताणले जात नाही. तेलात मिसळलेली धूळ खिळा आणि नळी यांच्यामध्ये शिरते व कानशीप्रमाणे दोन्हींना घासते. एका सांध्याची झीज मिलीमीटरचा दहावा भाग असली, तर ती डोळ्यांना दिसणारही नाही; परंतु असे ११० सांधे असले, की साखळी ११ मिलीमीटरने लांबते. म्हणजे दोष कोणत्याही एका कडीचा नसून सर्वांचा थोडाथोडा असतो. दोन कड्या काढल्याने लांबी तेवढी कमी होते. उरलेल्या कड्या मात्र झिजलेल्याच राहतात.

अशा कड्या चक्राच्या दात्यांत नीट बसत नाहीत. त्या दात्यांच्या टोकांवर चढतात आणि दाते झिजून आकड्यासारखे वाकडे होतात. मग भर चढणीवर साखळी दात्यांवरून उडते, किंवा तुटते. तुटलेली साखळी मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी थांबते, आणि पाठीशी बसलेल्या बायकामुलांसह गाडी आडवी होते. वाचविलेल्या पैशांचे मोल त्या क्षणी काय उरते, हे आम्ही सांगावयास नको.

साखळी बदलण्याची वेळ आली हे ओळखावे कसे? पुष्कळ लहान गाड्यांना ४२८ क्रमांकाची साखळी असते. तिच्या दोन सांध्यांतील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर. ताठ धरलेल्या नव्या साखळीचे असे २० भाग २५४ मिलीमीटर भरतात. तेच जवळपास २५९ भरू लागले, की तिचे दिवस संपले. मोजपट्टी नसेल तर मागच्या चक्राच्या अगदी मागच्या बाजूस साखळी बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडला, तर तोच निकाल समजावा.

बदलावयाची तर साखळी आणि पुढचे-मागचे चक्र असा सगळा सेट एकदम बदलावा. वाकड्या दात्यांवर चढविलेली नवी साखळी लवकरच जुनीसारखी होते. काम मेस्त्रीकडे द्यावे हे उत्तम. परंतु मालकाने शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. नवी साखळी जुनीशी लांबीने ताडू नये, कड्या मोजून ताडावी. जोडकडीला क्लिप असेल, तर क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेस असावे. उघडे टोक पुढे राहिले तर कशाला तरी अडकून ती निसटण्याचे भय असते. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात, नाही तर चाक तिरके बसते. साखळीला थोडा झोल हवाच. बहुतेक लहान गाड्यांत तो दोन ते तीन सेंटिमीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. तारेसारखी ताठ साखळी, माणसे बसून गाडी दबली की, अधिकच आवळते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर भार टाकते. शेवटी आसाचा नट घट्ट झाला आहे ना, आणि चाक सरकल्यामुळे मागचा ब्रेक पुन्हा जुळविला आहे ना, हे पाहिल्यावाचून गाडी घरी आणू नये.

पुढची निगा घरच्या घरी होण्याजोगी आहे. रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने साखळी पुसावी, कोरडी करावी आणि गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे. पावसाळ्यात हे अधिक वेळा करावे. जळके काळे ऑइल वापरू नये, त्यात धातूची कीस असते. मात्र हे काम करताना एंजिन बंद आणि किल्ली खिशात असावी. चाक हातानेच फिरवावे. एंजिन चालू ठेवून फडके धरणाऱ्याची बोटे साखळी आणि चक्र यांच्यामध्ये केव्हा ओढली जातात, हे त्यालाही कळत नाही. आईबापांनी हे आपल्या तरुण मुलांना बजावून सांगावे.

आणखी एक. काम आटोपल्यावर चेन-कव्हर आणि साडीगार्ड पुन्हा जागच्या जागी बसवून घ्यावे. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके मागचे चाक झाकणारे साधन असावे, असे १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकणाऱ्या तरुणांनी पाठीमागे आपली आई किंवा बहीण पदर सावरून बसली आहे, एवढे ध्यानात ठेवावे.