विश्लेषण : स्वतःसाठीचा वेळ हा घरातील वाटणीचाही प्रश्न

नवी दिल्ली : आठवड्याला किती तास काम करावे, या प्रश्नावर देशात वारंवार वाद झडत आहे. इन्फोसिसचे सहसंस्थापक एन. आर. नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांविषयीच्या वक्तव्याने हा वाद पुन्हा पेटला. मात्र ही चर्चा बव्हंशी कार्यालयातील तासांभोवतीच फिरत राहिली. कार्यालयातून घरी परतल्यावर सुरू होणाऱ्या दुसऱ्या पाळीचा हिशेब तीत क्वचितच मांडला गेला.

हा हिशेब सरकारच्याच आकडेवारीत उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ वापर सर्वेक्षणाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे त्यासाठी देतात. १५ ते ५९ या वयोगटातील ४१ टक्के महिला मुले, वृद्ध किंवा आजारी कुटुंबीयांची देखभाल करतात आणि त्यांचा दिवसातील सुमारे १४० मिनिटांचा वेळ त्यात जातो. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के, तर वेळ ७४ मिनिटे आहे.

याच सर्वेक्षणात एक दिलासादायक वाटणारा आकडाही आहे. स्वतःची निगा राखण्यासाठी पुरुष दिवसाला ७१० आणि महिला ७०६ मिनिटे देतात, म्हणजे जवळजवळ सारखाच वेळ. तथापि या वर्गात प्रामुख्याने झोप, जेवण, स्नान यांसारख्या शरीराच्या अटळ गरजा मोडतात. त्यात फारशी कपात करता येत नसल्याने हे आकडे जवळपास असणे स्वाभाविक आहे. शिवाय मिनिटे सारखी असली, तरी त्या मिनिटांवरील हक्क सारखा असतोच असे नाही. तान्ह्या मुलासाठी किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी रात्री कोणी उठायचे, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेले असते.

बदलाची गतीही लक्षात घेण्याजोगी आहे. १५ ते ५९ वयोगटात अर्थार्जनाशी संबंधित कामांत सहभागी होणाऱ्या महिलांचे प्रमाण २०१९ मधील २१.८ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. याच काळात या वयोगटातील महिलांचा घरकामातील वेळ ३१५ मिनिटांवरून ३०५ मिनिटांवर आला. पाच वर्षांत दहा मिनिटे कमी झाली. नोकरीचे दार काहीसे उघडले. घरातील ओझे मात्र जवळपास तेवढेच राहिले.

अतिश्रमाचे परिणाम आता वादातीत आहेत. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा त्याहून अधिक काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये नोंदवला. त्या अभ्यासाचा रोख मोबदल्याच्या कामावर होता. घरकाम आणि देखभालीचे तास जमेस धरले, तर ही मर्यादा ओलांडणाऱ्यांची संख्या वाढेल आणि त्यात महिलांचा भरणा मोठा असेल, हे उघड आहे.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. मात्र असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य महिला या तरतुदींच्या प्रत्यक्ष लाभापासून दूरच आहेत. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी क्षेत्रासाठी तशी कायदेशीर सक्ती नाही. आईची रजा खर्चिक आणि वडिलांची रजा ऐच्छिक, अशा रचनेत देखभाल हे आईचेच काम आहे, असा संदेश नकळत दिला जातो आणि महिलांना नोकरी देताना मालक हात आखडता घेण्याची भीती निर्माण होते.

दुसरीकडे, दैनंदिन कामाचे तास वाढवण्याकडे राज्यांचा कल दिसतो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनिक मर्यादा नऊवरून १२ तासांपर्यंत, तर दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून १० तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. उद्योगांना लवचिकता हवी, हा युक्तिवाद गैरलागू नाही. परंतु १२ तासांची पाळी ज्याला शक्य होते, त्याच्या घरी स्वयंपाक, मुले आणि वृद्ध सांभाळणारे दुसरे कोणीतरी गृहीत धरलेले असते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर दूरध्वनी व संदेशांना उत्तर न देण्याच्या हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडले आहे. अशी विधेयके क्वचितच संमत होतात. तरीही कामाला शेवट असला पाहिजे, हे तत्त्व त्यामुळे संसदेच्या पटलावर आले.

स्वतःची काळजी घेण्याचा सल्ला आज योगासनांपासून ध्यानधारणेपर्यंत अनेक रूपांत दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्यासाठी लागणारा अर्धा तास आधी कोणाच्या तरी कामातून मोकळा व्हावा लागतो. तो मोकळा करण्याचे मार्ग ज्ञात आहेत : परवडणारी पाळणाघरे, वृद्धांसाठी दिवसाची देखभाल केंद्रे, वडिलांसाठी सक्तीची रजा आणि पाळ्यांचे आगाऊ वेळापत्रक. केंद्राच्या पाळणा योजनेतून अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे उभारली जात आहेत. त्यांचा विस्तार ही या दिशेची ठोस कसोटी ठरेल. घरातील वाटणी मात्र कोणत्याही अधिसूचनेने होणार नाही. ती झाली की नाही, हे पुढील सर्वेक्षणात महिलांच्या २८९ मिनिटांइतकेच पुरुषांच्या ८८ मिनिटांवरूनही कळेल.