कागद नसलेली माणसे
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'निर्वासितांना देशाची दारे खुली असावीत.' चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली. मी प्रथम वर्षातली नवखी. व्यासपीठावर उभे राहण्याची पहिलीच वेळ. ग्रंथालयात बसून जमेल तेवढे वाचले आणि टाळ्या मिळाव्यात म्हणून शेवटी एक वाक्य मुद्दाम बेतून ठेवले : "ज्याच्याजवळ साधा कागद नाही, त्याच्यावर देशाने विश्वास तरी का ठेवावा?" टाळ्या मिळाल्या. तिसरा क्रमांकही मिळाला.

घरी गेल्यावर आण्णांना तेच भाषण म्हणून दाखवले. आण्णा नुकतेच खाणीवरून आले होते, हातपाय धूत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग पयलं आपल्यालाच हाकलाय पायजे की."

मी हसले. आण्णा हसले नाहीत.

आम्ही वडार. आज्जा दगड फोडायचा. जिथे विहीर, जिथे धरण, तिथे त्याचे पाल. मला शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता आणि आमच्या प्रवर्गाला त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. त्या काळी ज्याचे घर दर दोन महिन्यांनी गाढवावर लादले जाई, त्याच्या नावाचा उतारा कुठल्या गावात सापडणार? अर्ज 'त्रुटी' असा शेरा मारून दोनदा परत आला. म्हणजे ज्या आठवड्यात मी कागद नसलेल्यांच्या विरोधात बक्षीस घेतले, त्याच आठवड्यात माझी स्वतःची फाईल कागदावाचून अडून पडली होती. आणि हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. त्या वाक्याचा पुन्हा नीट विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम आपल्या घराजवळचेच पाहू. आपण कापड घ्यायला गांधीनगरला जातो. पण ती जागा पूर्वी काय होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९४३ ते १९४८ या काळात तिथे, वळिवड्याला, पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. रशियाने पूर्व पोलंड व्यापल्यावर त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. तिथून सुटून इराणमार्गे ती कोल्हापूरपर्यंत पोचली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते. खर्च लंडनमधले पोलिश सरकार उचलत होते, तेव्हा आपण फार मोठे उपकार केले असे म्हणण्यात अर्थ नाही. पण जागा दिली, शेजार दिला. ते लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभे राहिले. निर्वासित म्हणजे कायमचे ओझे, हे म्हणणे कोल्हापूरकराने तरी करू नये. त्याच्या अंगावरचा सदरासुद्धा त्याची साक्ष देणार नाही.

याउलट १९३९ मधली गोष्ट. सेंट लुई नावाच्या बोटीतून ९३७ प्रवासी, बहुतेक सगळे ज्यू, हिटलरच्या जर्मनीतून निघाले. क्युबाने मोजक्यांनाच उतरू दिले, अमेरिकेने दार उघडले नाही. वर्षाचा कोटा भरलेला होता. नियमाने पाहिले तर काही चुकले नाही. बोट युरोपला परत गेली आणि त्यातले २५४ जण पुढे महायुद्धाच्या काळात मारले गेले. नियम बरोबर आणि माणूस मेलेला, असा हा हिशेब आहे.

आता विरोधी बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण मी ती बाजू लढवलेली आहे. कोण आत येतो, हे जाणण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे. येणाऱ्यांत एखादा घातपाती असू शकतो. पोटापाण्याचे, जमिनीचे, भाषेचे प्रश्न खोटे नसतात. १९७९ ते १९८५ या काळात आसामात आंदोलन झाले, ते केवळ द्वेषापोटी झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपली भाषा आपल्याच प्रांतात मागे पडेल, ही भीती मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. म्हणून पडताळणी नकोच, असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की पडताळणी कोणाची, आणि पुरावा आणायचा कोणी?

अमेरिकेत जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सात देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेशबंदी केली. निर्वासितांना घेण्याचे काम १२० दिवस थांबवले आणि सीरियाच्या निर्वासितांना तर बेमुदत बंदी घातली. कारण दिले, पडताळणी पुरेशी नाही. वास्तविक तिथे येणाऱ्या निर्वासिताच्या बोटांचे ठसे घेतात, परदेशातच मुलाखत होते, निरनिराळी सरकारी खाती त्याची माहिती तपासतात, वैद्यकीय तपासणी होते. या सगळ्याला साधारण दीड ते दोन वर्षे लागत. त्या आदेशाची सुधारलेली तिसरी आवृत्ती जून २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. २०२१ मध्ये बायडेन यांनी ती रद्द केली. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा बारा देशांवर बंदी घातली. २०१७ या वर्षासाठी निर्वासितांची मर्यादा प्रथम १,१०,००० ठरली होती. २०२६ साठी ती ७,५०० वर आणली.

यात मला खटकते ते हे की माणूस तपासण्याऐवजी त्याचा देश पाहून निकाल दिला. आमचा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. विमुक्त म्हणजे कशातून मुक्त? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोरालाही त्यातून सुटका नव्हती. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. लोकांच्या मनातून तो किती पुसला, ते गावात चोरी झाली की पोलीस प्रथम कोणत्या वस्तीत येतात, त्यावरून कळते. एखाद्याने गुन्हा केला तर त्याला जरूर पकडा. पण जन्मावरून संशय घेणे याला पडताळणी म्हणत नाहीत.

आपल्या देशातही हा प्रश्न सुटलेला नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तरी १९५९ मध्ये आपण तिबेटी लोकांना थारा दिला आणि १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना पोसले. त्या वेळी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्यांतले बहुतेक लोक परत गेले. घर सुरक्षित झाले की माणूस घराकडे वळतो, हा त्यातला धडा.

पण २०१९ मध्ये आसामची नागरिक नोंदणी झाली, तेव्हा काय दिसले? २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपूर्वीचा पुरावा मागितला गेला आणि ३१ ऑगस्टला आलेल्या अंतिम यादीतून एकोणीस लाखांवर माणसे बाहेर राहिली. लहानपणी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईने बापाशी असलेले नाते कोणत्या कागदाने सिद्ध करायचे? माझ्या आईलाही ते जमणार नाही. परकीय नागरिकांच्या कायद्यात आपण परके नाही हे दाखवण्याचा भार त्या माणसावरच असतो. १९४६ च्या कायद्यात तसे होते, २०२५ च्या नव्या कायद्यातही तसेच आहे. २०१९ च्याच नागरिकत्व दुरुस्तीने तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट मोकळी केली. छळ झालेल्याला आधार दिला, हे चांगलेच. पण छळ ही कसोटी असेल तर ती सर्वांना लागू हवी. श्रीलंकेचा तमिळ आणि म्यानमारचा रोहिंग्या त्या कसोटीबाहेर का?

आणि आपला दुटप्पीपणा तरी किती! सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावले, तेव्हा आपल्याकडे घरोघर हळहळ झाली. आपल्या मुलाला अडवले की तो अन्याय, दुसऱ्याच्या मुलाला अडवले की ती सुरक्षा! तराजू एकच हवा.

आता माझ्या फाईलची गोष्ट पुरी करते. एका लहान गावच्या प्राथमिक शाळेत आण्णा आणि मी सहज चौकशीला गेलो. तिथल्या हेडमास्तरांनी आम्हाला "पुरावा आणा" असे सांगितले नाही. त्यांनी ट्रंक उघडली, धूळ झटकली आणि जुनी रजिस्टरे स्वतः एकेक करून पाहिली. दीड तासाने आज्जाच्या थोरल्या भावाचे नाव सापडले. तो १९५८ मध्ये चार महिने पहिलीत बसला होता. समोर जात लिहिलेली होती. त्या चार महिन्यांच्या शाळेवर मी आज महाविद्यालयात आहे. हेडमास्तरांनी मला सवलत दिली नाही. नियमही मोडला नाही. शोधण्याचे अर्धे काम फक्त आपल्या अंगावर घेतले.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीने १९७९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत जवळजवळ हेच सांगितले आहे : खरे काय ते शोधण्याची जबाबदारी अर्ज करणारा आणि तपासणारा या दोघांची आहे, आणि प्रामाणिक माणसाला संशयाचा फायदा मिळाला पाहिजे. पळणारा माणूस कागद घेऊन पळत नाही; तो पोरे घेऊन पळतो.

मित्रहो, यंदा पुन्हा स्पर्धा होईल. विषय कोणताही असो, बाजू कोणतीही मिळो, टाळ्यांचे वाक्य बेतण्यापूर्वी ते एकदा घरी म्हणून पाहा. आण्णांना हा लेख वाचून दाखवला. म्हणाले, "ह्ये बरं हाय. पर बक्षीस मिळायचं न्हाई." न मिळो. ते पहिले बक्षीस परत करता आले असते, तर मी केले असते.